माया मूठ उघडेपर्यंत

पोकलेनवर बसलेल्याला सगळं दिसतं, असं खाली उभं राहून गंमत पाहणाऱ्यांना वाटतं. डोंबल दिसतं. समोर बूमचा लोखंडी हात आडवा, पाठीमागं इंजिन. मशीन छोटं असलं म्हणून काय झालं, गरकन फिरलं की मागचं लोखंड कोणाची छाती भिंतीला चेचेल, वरच्याला कळतही नाही. म्हणून खाली एक माणूस लागतो. उघडा पंजा म्हणजे फिरव, बंद मूठ म्हणजे थांब. ठेकेदारांना हा माणूस फुकट खाणारा वाटतो. कोणी मेलं की मग त्यांचे फोन बंद.

धर्मपालचा खालचा माणूस म्हणजे त्याची बायको, माया. दोघांनी मिळून चांदूर बाजारपर्यंत नाल्या खोदल्या. उन्हाळ्यात एकदा तिनं मूठ बंद धरली होती आणि हा घाईघाईत, न पाहता फिरला. लोखंड तिच्या खांद्याला चाटून गेलं. तिनं हातमोजे काढून सीटवर ठेवले.

"तुमी आता पाह्यतच नाही मले," म्हणाली, आणि हिवरखेडला आईकडे निघून गेली.

हातमोजे तेव्हापासून लिव्हरजवळ लटकलेले. कोणाही परक्याचा हात वर झाला की धर्मपाल आधी मनगटावर बांगड्या शोधायचा.

आणि काम आलं ते नेमकं हिवरखेडचं, तिच्याच गल्लीत. पाण्याच्या पाइपाची नाली. माया दारात तांदूळ निवडत बसलेली. मान वर नाही. मुकादमानं खाली उभा केलेला माणूस चहाला म्हणून गेला तो गेलाच, आणि लोक मशीनला चिकटून उभे.

धर्मपालनं बकेट जमिनीवर टेकवलं, इंजिन बंद केलं, चावी खिशात टाकली.

"काय बे, काहून बंद केली?" मुकादम सूर्यभान खेकसला.

"मागं पाहाले माणूस द्या."

"बायको गेली तं भेव लागलं का तुले?"

गल्ली हसली.

"हो," धर्मपाल म्हणाला. "माणूस नसन तं दुसरा ड्रायव्हर पाहा."

मायाकडं पाहायची त्याची हिंमत झाली नाही. फक्त सूप खाली ठेवल्याचा आवाज आला.

"सरका न बाप्पा, घरी कामं नाहीत का तुमाले?" लोकांना मागं रेटत ती नालीपलीकडं, त्याला पुरती दिसेल अशी उभी राहिली. "हातमोजे आहेत का?"

त्यानं उतरून दिले.

"मशीनीसाठी उभी आहो. तुमच्यासाठी नाही. पाइप झाला का मी घरात, तुमी तुमच्या वाटेनं."

"बरं."

तो वर चढला, पट्टा बांधला, इंजिन सुरू केलं. मायाची मूठ बंद. गल्ली रिकामी झाली, मशीनमागं कुत्रंसुद्धा उरलं नाही, तरी मूठ बंदच. सूर्यभान मनगटावरचं घड्याळ ठोकून दाखवू लागला.

धर्मपालनं लिव्हरवरचे हात काढून मांडीवर ठेवले आणि तिच्याकडं पाहत बसला. ती मूठ उघडण्याची त्याला काहीच घाई नव्हती.