मिसेस ब्रेसवेलचा दुसरा कप

फिलिपाने सकाळपासून काकडीच्या सँडविचच्या कडा तीनदा कापल्या होत्या. आता त्यांत पाव कमी आणि शिस्त जास्त उरली होती.

तिची नणंद हेस्टर खिडकीशी बसून ही कापाकापी पाहत होती. स्टोकमधल्या चिनीमातीच्या कारखान्यात तिने तीस वर्षं कप तपासले होते. उकळतं पाणी ओतायचं आणि तडा जातो का बघायचं. फिलिपा मात्र रिकामीच तडकायची.

गावच्या फुलांच्या प्रदर्शनाचं अध्यक्षपद मिसेस ब्रेसवेल एकवीस वर्षांनी सोडणार होत्या. त्या जिचं नाव घेतील तीच पुढची अध्यक्ष, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. ते नाव आपलंच असावं म्हणून फिलिपाने चार वाजताच्या चहाचा हा घाट घातला होता.

"दूध मी घालणार," फिलिपा म्हणाली. "आधी चहा, मग दूध. आधी दूध ओततात ते लोक... कळलंच तुला."

"नाही कळलं. मी तसंच ओतते."

"म्हणून तर सांगतेय. तू आज नुसते ते स्कोनचे छोटे गोड पाव फिरव."

"आणि तोंड?"

"ते मिटून ठेव. स्वस्तातले कप गरम चहाने तडकतात, म्हणून आधी गार दूध. चांगल्या कपाला ती गरज नसते."

हे तिला अठरा वर्षांपूर्वी हेस्टरनेच सांगितलं होतं. कारखान्यातली ऐकीव गोष्ट, तीही हसत हसत. फिलिपाने तिचा कुळाचार करून टाकला होता.

मिसेस ब्रेसवेल बरोबर चारला आल्या. वय एक्याऐंशी, नखांत बागेतली माती. फिलिपा किटली आणायला आत वळली तेवढ्यात त्यांनी दुधाचं भांडं ओढलं आणि आपल्या रिकाम्या कपात बोटभर दूध ओतलं.

फिलिपा परतली, थबकली. मग तिने तो कप अलगद उचलून बाजूला ठेवला.

"असू दे, असू दे. मी तुम्हाला दुसरा देते, नीट."

हेस्टरने स्कोनची ताटली खाली ठेवली. इतका स्वच्छ तडा तिने कारखान्यातही पाहिला नव्हता.

"माझे वडील घरोघर दूध टाकायचे," मिसेस ब्रेसवेल शांतपणे म्हणाल्या. "दूध घरचं, चहा विकतचा. मग आधी दूधच पडायचं."

"हो का? किती गोड," फिलिपा म्हणाली आणि चहा ओतला. आधी चहा.

म्हातारीने अर्धा कप घेतला, हवेबद्दल दोन वाक्यं बोलली आणि उठली. दारात म्हणाली, "कप फार सुंदर आहेत हं तुमचे."

दार लागताच फिलिपा खुलली. "ऐकलंस? कप सुंदर आहेत म्हणाल्या."

"चहाबद्दल काही म्हणाल्या?"

"तुझं आपलं काहीतरीच."

कपांची स्तुती करून चहाबद्दल गप्प राहणं याचा अर्थ या गावात शेंबड्या पोरालाही कळतो. फिलिपाचा जन्म इथलाच होता, तरी तिला कळला नाही. हेस्टरने बाजूला ठेवलेल्या कपातल्या दुधावर चहा ओतला आणि तो चवीने प्यायली.

रविवारी चर्चच्या फलकावर नाव लागलं, डिलिस क्रूक. पोस्टात काम करणारी ही डिलिस पाहुण्यांना मगात चहा देते आणि चहाची पिशवी मगातच विसरते.

फिलिपाने तो कागद दोनदा वाचला. घरी येईपर्यंत तिला कारण सापडलं होतं.

"स्कोन कोरडे होते," ती म्हणाली. "आणि फिरवले कोणी?"