नमुन्याची सही

"बँक म्हन्ते का हे सही तुमची नाही," म्हणत पूनमचंद शेटजींनी मुंबईहून परत आलेले कागद गादीवर टाकले.

"मंग कोनाची आहे?" नानाजींनी विचारलं.

शेटजी हसले नाहीत.

वाशीमच्या त्या कापसाच्या जिनात मुनिमी करता करता नानाजींच्या भुवया वयानं पांढऱ्या झाल्या की उडत्या रुईनं, हे आता त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. जपानच्या व्यापाऱ्यानं मुंबईच्या बँकेत पतपत्र उघडलं होतं. कापसाच्या गाठी जहाजावर चढल्याचे कागद बिनचूक आले की बँक पैसे देणार. जरा काही हुकलं, की नाही. गाठी चढल्या होत्या. वजन जुळलं, मार्का जुळला. अडली ती पैसे मागायच्या हुंडीवरची सही. पूनमचंदांच्या वडिलांनी, मोठ्या शेटजींनी, सहीची मुखत्यारी दिली तेव्हाचा नमुना बँकेत होता, नानाजींच्या ऐन उमेदीतला. मोडीतलं नाव, अन् शेवटचा फाटा कसा, तर उधळलेल्या घोड्याच्या शेपटीसारखा.

"नवा नमुना धाडू," नानाजी म्हणाले.

"तवरक मुदत सरते. आजच्या डाकेनं कागद गेले नाही, तं गाठी पडल्या तिकडं. मजुरायले काय देऊ मी?"

नानाजींनी रद्दीवर सही केली. पुन्हा केली. हात थरथरे, रेघ थरथरे. घोड्याची शेपटी जाऊन तिथं म्हाताऱ्या बैलाची आली. त्यांनी डाव्या हातानं उजवं मनगट दाबून धरलं, तर टाकच गळून पडला.

माहेरपणाला आलेली हीराबाई, शेटजींची लेक, चहा घेऊन दारात कधीची उभी होती. लहानपणी ती याच गादीवर नानाजींजवळ मोडी शिकली होती.

"काका, सरका बरं."

"तू काय करतं?"

"धुळीत तुमची सही काढो मी. तुमी कान पिळत होते माहा."

शेटजींनी नानाजींना हळूच म्हटलं, "तुमी हो म्हनान, तरच."

नानाजींनी कोरी हुंडी तिच्यापुढं सरकवली.

तिनं एका दमात नाव लिहिलं. फाटा उधळला. नानाजी वाकून पाहत राहिले. कितीतरी वर्षांनी गावचं माणूस भेटावं तसे.

"अशीच होती," ते म्हणाले. मग तिच्याकडं वळून, "बाई, सासरी कधी जातं?"

"होळी झाली का."

"मंग होळीपरेंत मी आहो या गादीवर."

शाई ओलीच होती. हीराबाईनं शाई टिपायच्या रेतीच्या डबीकडं हात नेला.

"ठेव. तेवढं मी करतो."

त्यांनी चिमूटभर रेती उचलून सहीवर धरली. बोटं थरथरत होती, आणि रेती आपोआप सारखी पसरत गेली, पहिल्या अक्षरापासून त्या फाट्याच्या टोकापर्यंत.