विमलबाईनं गप्प राहायचं ठरवलं

तेलंगणातल्या तलमडुगूजवळच्या एका गावात, त्या गल्लीत कोंबड्याच्या आधी विमलबाईचा आवाज उठायचा. "भाग्ये, ऊठ व. बस जाते पाह्य. दप्तर भरलं काय? कंपास कुठी हाय? वेणी घालाले ये." हे रोज, आणि एका दमात. भाग्यलक्ष्मी आठवीत होती, हुशार होती, पण इतकं ओरडूनही दप्तरात रोज एक वस्तू कमीच.

पालकसभेत शुभांगी मॅडमनी विमलबाईला बाजूला घेतलं.

"पोरीचं डोकं चांगलं आहे," मॅडम म्हणाल्या, "पण ते तुम्ही वापरता."

विमलबाईला आधी ही तारीफच वाटली.

"काय आधी करायचं, काय नंतर, सोबत काय घ्यायचं, सगळं तुम्हीच ठरवता. मग तिला ठरवायची सवय कशी लागेल? आता थोडे दिवस आठवण करून देऊ नका. संध्याकाळी एकदाच विचारा, उद्या काय करायचंय आणि त्याला काय काय लागेल. ती चुकेल. चुकू द्या."

"आन् मी काय करू?"

"गप्प बसा."

हे तर बसल्या जागी होण्यासारखं काम, असं विमलबाईला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चुलीपुढे बसली. पोरगी घोरत होती. बाईच्या घशात शब्द गोळा व्हायला लागले, तशी तिनं सुपारीचं खांड तोंडात कोंबलं. तिचा नवरा राजकुमार उठून बाहेर आला. घरात शांतता पाहून तो दारातच थबकला.

"मी काई केलं काय?"

तिनं मान हलवली. त्याचा त्याच्या मनात काय अर्थ लागला कोण जाणे, पण कुणी न सांगता त्यानं बैलांना चारा टाकला, पाणी भरलं, आणि आदल्या रात्री आपण सासरवाडीबद्दल काय बोललो ते आठवत ओसरीवर बसून राहिला.

भाग्यलक्ष्मी उठली तेव्हा अंगावर ऊन आलं होतं आणि बस गेली होती. राजकुमार मोटरसायकल काढायला निघाला, तर विमलबाईनं हातातला भाजीचा डाव वर करून त्याला जागच्या जागी उभं केलं. पोरगी ऑटोनं गेली आणि वर्गाबाहेर उभी राहिली. त्या संध्याकाळी आईनं विचारलं, "उद्याले काय करायचं हाय? काय काय लागते?"

"काई नाई लागत," पोरगी फणकाऱ्यानं म्हणाली. आणि दुसऱ्या दिवशी भूमितीच्या तासाला कंपास घरी राहिला.

मग मात्र वेणीचं टोक चावत ती विचार करायला लागली. "गणित आधी करतो, थे अवघड हाय. तेलुगू जेवल्यावर." तिनं दप्तर भरून दाराशी ठेवलं. बापाच्या मोबाईलमध्ये गजर लावला आणि तो मुद्दाम दूरच्या फडताळावर ठेवला, म्हणजे बंद करायला उठावंच लागेल. विमलबाई हे सगळं बघत होती. सुपारी संपत आली होती.

तेवढ्यात गल्लीच दारात आली. पुढे पंढरी, मागे म्हातारी मनकर्णाकाकू आणि दूध घालणारे बाबाराव.

"वयनी, तुमी बिमार हा काय?" पंढरीनं विचारलं. तो आदिलाबादला कपड्याच्या दुकानात कामाला होता. "दोन डाव बस हुकली माही. शेठ म्हणते, अब घर पे ही बैठो."

"त्याले मी काय करू?"

"तुमी भाग्याले उठवता, तवा आमी उठतो ना."

मनकर्णाकाकूंची बीपीची गोळी "दप्तर भरलं काय" या हाकेला असायची. बाबाराव वेणीची हाक ऐकली की दुधाच्या कॅन सायकलला लावायचे. विमलबाईला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिला अभिमानही वाटला आणि संतापही आला.

"तुमच्या घरी घड्याळ नाई काय?"

"घड्याळ हाय," मनकर्णाकाकू म्हणाल्या, "पण थे रागावत नाई."

विमलबाईला मॅडमचा प्रश्न आठवला. "पंढरी, उद्याले काय करायचं हाय तुले? त्याले काय काय लागते?"

पंढरीनं खरंच विचार केला. "तुमचा आवाज लागते."

शेवटी ठरलं, की हाक मारायची, पण भाग्याच्या नावानं नाही. दुसऱ्या पहाटे विमलबाई अंगणात उभी राहिली आणि इतक्या दिवसांचं साचलेलं सगळं तिनं पंढरीवर मोकळं केलं. पंढरी उठला, काकूंनी गोळी घेतली, कॅन खडखडल्या. आत भाग्यलक्ष्मी कधीचीच उठून केस विंचरत होती.

ती दप्तर पाठीला अडकवून निघून गेली, आणि विमलबाईचं लक्ष ओट्यावर गेलं. डबा तिथंच होता. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, अजून गरम. डबा घेऊन ती दारापर्यंत धावली आणि थांबली.

"आवाज दे ना तिले," राजकुमार कळवळून म्हणाला. "पोट्टी उपाशी राहील."

"चूप राहा तुमी."

गल्लीच्या टोकाशी पोरगी उभी राहिली. तिनं दप्तर चाचपलं, बोटांवर काहीतरी मोजलं, आणि वळून पळत आली.

"माय, तू तं डबा घेऊन उभीच होती. हाक काऊन नाई मारली?"

"मारून राह्यली होती," विमलबाई म्हणाली. "गळ्यातच अडकली."

भाग्यलक्ष्मीनं डबा घेतला आणि बसचा हॉर्न ऐकून धूम ठोकली. धूळ खाली बसेपर्यंत विमलबाई दारात उभी होती. मग ती आत आली, तव्यावरची भाकर ताटात घेतली आणि कितीतरी दिवसांनी खाली बसून, गरम असतानाच खाल्ली.