खड्ड्यातली बिऱ्हाडं

वृद्धाश्रमात तिला सगळे मावशी म्हणत. म्हणणाऱ्यांत तिच्या आईच्या वयाच्या बायकाही होत्या. दिवसभर कुणाला कुशीवर वळव, कुणाला खुर्चीत बसव, कुणाच्या तोंडाशी चमचा धर. ड्यूटी संपेपर्यंत अंगाचा पार पिट्ट्या पडायचा. घरी नवरा. ट्रकमधला माल उतरवताना पडला आणि पाय प्लास्टरात गेला. तेव्हापासून त्याचा सगळा कारभार पलंगावरून चाले. "अगं, उशी सरकली." "अगं, रिमोट कुठंय?"

म्हणून ती थेट घरी न जाता ओढ्याकाठच्या पायवाटेने लांबचा फेरा मारायची. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, असं घरी सांगितलं होतं. डॉक्टर बिचारे काहीच बोलले नव्हते. तिला फक्त थोडा वेळ कुणाची हाक नको होती.

त्या संध्याकाळी नेमकी हाक आली. खोकल्यासारखी, खरखरीत, जमिनीतून.

वाटेच्या कडेला पाण्याच्या पाइपलाइनचा सिमेंटचा खड्डा होता. झाकण कुणीतरी पळवलेलं. तिने वाकून पाहिलं. तळाच्या सुकत आलेल्या चिखलात बेडूक एकमेकांवर रेलून बसले होते. एक सापसुरळी भिंतीवर सुर्रकन चढायची आणि घसरून तिथेच पडायची. मधोमध एक दिवड वेटोळं घालून पडली होती. दिवड म्हणजे पाण्यातला बिनविषारी साप, हे तिला माहीत होतं. समोर एवढं ताट वाढलेलं, पण दिवडीला त्याचं काही नव्हतं. एका बेडकाने तर खुशाल तिच्या पाठीवर पाय टेकला होता.

"आता तुम्हीसुद्धा?" मावशी म्हणाली. "मला कुणी सुट्टी देणारच नाही का?"

ती सरळ चालू लागली. वळणापर्यंत गेली. पाय पुढे जात होते, पण जीव मागे घुटमळत होता. अखेर स्वतःवरच चरफडत ती वळली.

शेजारी घराचं बांधकाम चालू होतं. गवंडी थापी धूत होता.

"दादा, एखादी फळी द्याल? खड्ड्यात साप पडलाय, बेडूक पडलेत."

"मग फळी कशाला? एक धोंडा घाला वरून."

"धोंडाच घालायचा असता तर तुम्हाला कशाला विचारलं असतं?"

गवंड्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि एक तुटकी फळी पुढे केली.

फळी खड्ड्यात तिरकी सोडली तर ती गुळगुळीत. मावशीने फळी बाहेर ओढली, ओढणी काढून तिच्याभोवती गुंडाळली, घट्ट गाठ मारली आणि पुन्हा आत सोडली. एवढ्यात मोबाइल वाजला.

"अगं, आहेस कुठं?"

"ओढ्यावर. साप काढतेय."

"काय काढतेयस?"

"साप. आणि बेडूक."

नवरा घाबरून म्हणाला, "तू... बरी आहेस ना?"

"नाही," ती म्हणाली, "दमलेय." तिने फोन ठेवला.

सापसुरळी पहिली निसटली. बेडकांना मात्र फळी दिसतच नव्हती. शेवटी मावशी पालथी झोपली, पिशवीतला जेवणाचा डबा रिकामा करून हाताने खाली धरला आणि एकेकाला त्यात घेऊन वर उचलू लागली. एक जण वर येताच पुन्हा टुणकन आत. "मेल्या, तुझ्यासाठी माझी कंबर मोडतेय!" दुसऱ्याने तिच्या मनगटावर मुतून आभार मानले. तिला हसू फुटलं. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं आणि बराच वेळ थांबेना. तिने ते वाहू दिलं. बघायला बेडकांशिवाय होतं कोण?

दिवड शेवटपर्यंत हलली नाही. मावशी मागे सरून गवतात बसली. तिला उठवत नव्हतं. उजेड मावळत आला तेव्हा फळीच्या टोकाशी एक चपटं डोकं दिसलं. दिवड ओढणीला धरत धरत वर आली, थांबली, जीभ लवलवली. मावशीच्या चपलेच्या अगदी जवळून, कसलीही घाई न करता ती ओढ्याकडे निघून गेली. मावशीने पाय हलवला नाही. भ्यायलाही ताकद लागते.

घरी चिखलाने माखलेली बायको पाहून नवरा पलंगावर ताठ बसला. तिने सगळं सांगितलं.

"उद्या परत पडतील की ते," तो म्हणाला.

"पडतील. म्हणून फळी तिथेच ठेवलीय, ओढणीसकट."

तो पुढे काही विचारणार होता. पण मावशी जेवणाच्या टेबलावर डोकं टेकून केव्हाच झोपली होती. त्याने बराच वेळ तिच्याकडे पाहिलं. मग काठी ओढून घेतली, वेदनेने ओठ चावत उभा राहिला आणि दिवा मालवून पुन्हा पलंगावर येऊन बसला. त्या रात्री त्याने एकही हाक मारली नाही.