वर्गमूळ आणि शेवेचा तुकडा

मित्रांनो, लातुरातून दरवर्षी जेवढे डॉक्टर, इंजिनियर बाहेर पडतात, त्या सगळ्यांच्या गणिताचा पाया मी आहे. मी एक जुना कीबोर्ड आहे. माझा स्वतःचा मागचा एक पाय तुटलाय, तिथं पुठ्ठ्याची घडी आहे.

मल्लिनाथ सरांच्या क्लासमध्ये मी अकरा वर्षं प्रश्नपत्रिका काढल्या. टायपिंगला रत्नम्माबाई. त्यांना चिन्हांचे आकडे तोंडपाठ. ऑल्ट दाबून धरायचं, माझ्या उजव्या अंगाच्या आकड्यांवर २५१ मारायचे, की उमटलं वर्गमूळ. २२७ मारले की गणितातला पाय, म्हणजे π. वर्ड असो की एक्सेल. सर पालकांना कौतुकानं मला दाखवायचे, तेही चिवडा खात खात.

मग लॅपटॉप आला. देखणा होता, पण त्याला आकड्यांचं उजवं अंगच नव्हतं. मी कपाटावर गेलो. सर म्हणाले, चिन्हांची जागा मोकळी सोडा, मी पेनानं भरतो.

सरांनी घाईत काढलेलं वर्गमूळ हुबेहूब 'बरोबर'च्या खुणेसारखं दिसायचं. चाचणीत पोरांना वाटलं, सरांनीच उत्तरावर खूण केलीय. तीनशे पोरांनी डोळे झाकून तेच पर्याय निवडले. सगळे एकसाथ नापास. इतकी एकी त्या क्लासात कधी दिसली नव्हती.

सर तापले. रविवारचा पेपर स्वच्छ निघाला नाही, तर टायपिंग चौकातल्या दुकानात देईन म्हणाले. रत्नम्माबाई उठल्या. स्टुलावर चढल्या, मला उतरवलं, पदरानं पुसलं आणि लॅपटॉपला जोडलं.

ऑल्ट, २५१. पडद्यावर § असं काहीतरी वळवळलं.

"बाई, हा कुठला साप काढला?" सर म्हणाले.

माझा पाच दबतच नव्हता, २५१ चे नुसते २१ जात होते. मला लाज वाटली. बाईंनी मला उलटं धरून पाठीत दोन धपाटे घातले. टेबलावर शेवेचा तुकडा पडला.

"साप न्हाई सर," त्या शांतपणे म्हणाल्या, "तुमचा चिवडा हाय."

मग बेचाळीस वर्गमुळं ओळीनं उमटली. पेपर झेरॉक्सला गेला, बाईंची खुर्ची राहिली आणि मी टेबलावर परत आलो.

मित्रांनो, ज्ञानाची साधनं जपा, असा थोर संदेश देऊन मी थांबणार होतो. पण सरांनी आत्ताच नवी पुडी फोडलीय. त्यांना तेवढं जरा पलीकडं सरकून बसायला सांगा.