भाकरीवरचे दोन थेंब

रविवारी सकाळी अंबडहून शहागडच्या गाडीत बसल्यापासून ज्योत्स्नाने मोबाईल वीस वेळा तरी उघडला असेल. तिच्या नव्या लेखाला चार हजार सातशे वाचक. गाडी फाट्यावर थांबली तेव्हा चार हजार आठशे. आनंद व्हायला हवा होता, होतही होता. पण भावजयीचा, अक्षताचा, सकाळचा फोन काही डोक्यातून जाईना. "ताई, आईला तुमचं वाचून दाखवलं. तवापासून बोलनात त्या. जल्दी या तुमी."

तीन वर्षं ब्लॉग लिहून ज्योत्स्नाबाईंना वाचक मिळाले होते अकरा. त्यातले चार तिच्याच शाळेतले शिक्षक. बिचाऱ्यांना रोज स्टाफरूममध्ये तिचं तोंड बघायचं असे. कधीही न पाहिलेल्या समुद्रावर तिने लिहिलं, प्राजक्तावर लिहिलं, सकाळच्या कॉफीवर तर दोनदा, आणि घरात कॉफी कुणी पीत नाही. शेवटी एका मैत्रिणीने सुनावलं, "आपलं, खरं काहीतरी लिही की." तेव्हा तिने आईवर लिहिलं.

तिची आई, गिरिजाबाई, तरुणपणी दुसऱ्यांच्या रानात कापूस वेचायला जायची. एकदा शेतमालकाने तिच्यावर चोरीचा आळ घेतला आणि सगळ्या बायांसमोर ओचा झटकायला लावला. कापूस निघाला नाही. भाकरीचा तुकडा तेवढा मातीत पडला. लेखाच्या शेवटी ज्योत्स्नाने लिहिलं होतं, 'त्या भाकरीवर माझ्या आईच्या डोळ्यांतले दोन थेंब पडले.'

या एका वाक्याखाली तीनशे लोकांनी डोळे पुसले. पुण्याच्या एका वेबसाइटच्या संपादकांनी दर आठवड्याचं सदर देऊ केलं. पहिला लेख हाच, मथळा 'दोन थेंब'. होकार आज संध्याकाळपर्यंत कळवायचा होता.

गिरिजाबाई अंगणात तूर पाखडत होती. लेक समोर येऊन बसली तरी सूप थांबलं नाही.

"आई, ऐकलं का गं?"

"ऐकलं. चांगलं लिव्हती तू." दोन-चार खडे बाजूला पडले. "ते रडायचं कुठून आनलं?"

"आगं, लिव्हताना थोडं करावं लागतं. वाचनाराच्या काळजाला भिडाय पाह्यजे."

"म्या काय केल्तं, ठावं हाय ना तुला?"

ठाऊक होतं. लहानपणापासून शंभरदा ऐकलेलं. तरी गिरिजाबाईने पुन्हा सांगितलं. "भाकर उचलली. माती झटकली. आन् त्याच्या तोंडाकडं बघत तितंच उभ्यानं खाल्ली. मपली, सोताची भाकर हुती. समद्या बाया हात थांबवून बघत ऱ्हायल्या. मंग त्यो खाली मान घालून गेला."

ज्योत्स्नाचे कान तापले. हे लिहायची तिला लाज वाटली होती. मातीतली भाकर उचलून खाणारी आई शहरातल्या वाचकांना कशी दिसेल? त्यापेक्षा रडणारी आई बरी. स्वतःशीसुद्धा तिने हे कधी कबूल केलं नव्हतं.

"त्याला मला रडवायचं हुतं," गिरिजाबाई म्हणाली. "त्याला जमलं न्हाई. तू रडवलं."

ज्योत्स्ना उठली, दारापर्यंत गेली, परत आली. हायवेवरून ट्रकांची रांग चालली होती. ते वाक्य काढलं तर तीनशे लोकांना काय सांगायचं? आणि सदर? तीन वर्षं या एका गोष्टीसाठी ती तळमळली होती. आईचा तिला राग आला. मग रागाचीच लाज वाटली, आणि तिने तिथेच ओट्यावर बसून मोबाईल उघडला.

थेंब खोडले. खरं लिहिलं. संपादकांनाही तसं कळवलं.

दहा मिनिटांत त्यांचा मेसेज आला. 'मॅडम, ते वाक्य का काढलं? लेखाचा जीव गेला. पूर्वीचंच ठेवत असाल तर कळवा.'

"ते रडणं माझं होतं, आईचं नव्हतं," एवढंच तिने लिहून पाठवलं. पुढे उत्तर आलं नाही, आणि तिने वाटही पाहायची नाही असं ठरवूनही चारदा बघितलं.

"वाच बरं, काय लिव्हलं," गिरिजाबाई म्हणाली.

ज्योत्स्नाने वाचलं. "'आईने भाकर उचलली, माती झटकली आणि मालकाच्या डोळ्यांत बघत खाल्ली.'"

आता सूप थांबलं. गिरिजाबाई थोडा वेळ मनाशी ते वाक्य जुळवून बघत राहिली.

"'सगळी खाल्ली' असं लिव्ह," ती म्हणाली.