ट्रंकेचा महिना

मित्रांनो, आधी माझे झाकण भिंतीला नीट टेकवा, मग बोलू. ते अचानक खाली येते आणि बोटे चेंगरतात, आणि मग बोल मलाच लागतो. मी एक जुनी ट्रंक आहे, पत्र्याची, हिरव्या रंगाची. तो हिरवा रंग आता फक्त कोपऱ्यांत उरला आहे. पण एकदा हिरवी म्हणवून घ्यायची सवय लागली की ती सुटत नाही.

माझा जन्म मिरजेचा. ठोकून ठोकून कारागिराने मला आकार दिला तेव्हा मी फार कुरकुरले होते, हे कबूल करते. पण कडी-कोयंडा बसला, रंग चढला आणि मी दुकानाच्या पायरीवर ऐटीत बसले. तिथून मला शांतवन भिंगारदिवे यांनी उचलले. ते तेव्हा तरुण होते, नुकतेच लग्न झाले होते आणि रविवारी चर्चमध्ये मुलांची शब्बाथ शाळा घेत होते. घरच्यांना वाटले, नव्या सुनेच्या साड्या ठेवायला ट्रंक आणली. शांतवनरावांनी माझ्यात पुस्तके भरली. बिचारीच्या साड्या कित्येक वर्षे दोरीवरच राहिल्या, आणि मी मात्र मंडळीची, म्हणजे सगळ्या चर्चची, ट्रंक झाले.

काय दिवस होते ते! एसटीच्या टपावर बसून मी गावोगावच्या ख्रिस्ती मेळाव्यांना जात असे. माझ्यात मुलांच्या चित्रांच्या गोष्टी असत, आजारी माणसाने उशाशी ठेवावीत अशी प्रार्थनेची छोटी पुस्तके असत, संसारातल्या भांडणांवर लिहिलेली गमतीदार पुस्तके असत. पुढे भक्तिगीतांच्या कॅसेटीही आल्या. लोक येऊन म्हणत, एखादे चांगले पुस्तक द्या. शांतवनराव पुस्तक देण्याआधी उलट विचारत, "घरात कोण कोण आहे? म्हातारं माणूस आहे का? त्याला वाचता येतं की वाचून दाखवावं लागतं? लेकरू अंधाराला भितं का?" लोकांना वाटे, हा माणूस पुस्तक देतो आहे की औषध. पण ते स्वतः वाचल्याशिवाय एकही पुस्तक माझ्यात ठेवत नसत. कॅसेटसुद्धा दोन्ही बाजू ऐकून मगच आत जाई. मला फार गर्व असे त्या काळी. आपल्यात काय आहे हे ठाऊक असलेली ट्रंक मिळणे सोपे नाही.

मग दिवस फिरले. घरोघरी मोबाईल आले, मेळाव्यांत पुस्तके मागणारी माणसे कमी झाली. मला पलंगाखाली सरकवण्यात आले. माझ्यात गोधड्या भरल्या, एकदा तर गहू भरले. पुस्तकांच्या जागी गहू! मी काही बोलले नाही, पण त्या वर्षी मला तळाशी पहिला गंज चढला.

पत्नी गेल्यावर शांतवनराव बंगळुरूला मुलाकडे राहायला आले आणि हट्टाने मलाही घेऊन आले. मुलगा सुरज बेळ्ळंदूरला एका उंच इमारतीत नवव्या मजल्यावर राहतो. खालच्या रखवालदाराने मला पाहिले आणि भंगाराची गाडी मागच्या गेटला येते असे हाताने दाखवले. माझा पत्रा तापला. पण वर दार उघडले ते सूनबाई नीलिमाने, आणि मला पाहून ती म्हणाली, "अय्या, बाबा, ही ती ट्रंक? किती क्यूट आहे!" त्या दिवसापासून नीलिमा माझी लाडकी. पुढे तिच्याबद्दल जे सांगणार आहे, ते हे ध्यानात ठेवून ऐका.

मला पुन्हा कामाला लावले ते तिनेच. इथली मराठी मंडळी रविवारी दुपारी जे. पी. नगरमधल्या एका हॉलमध्ये उपासनेला जमते. कोणी पुण्याचे, कोणी नगरचे, कोणी बेळगावकडचे. नीलिमाने सुचवले की ट्रंक दर महिन्याला एका घरी राहावी. त्याला सगळे ट्रंकेचा महिना म्हणू लागले. मी घरात आले की सारे घर माझ्याभोवती फरशीवर बसते आणि घरातल्या प्रत्येकासाठी माझ्यातून काहीतरी निघते. आजोबांना मोठ्या अक्षरांचे पुस्तक, बाबांना गाडीत ऐकायला प्रवचने, मुलांना गोष्टी नाहीतर कार्टून. आता माझ्यात कॅसेटींच्या जागी पेनड्राइव्ह असतात. एवढेसे असतात ते, सारखे कोपऱ्यात जाऊन दडतात.

यंदा पावसाळ्यात माझा मुक्काम भिंगारदिव्यांकडेच होता. त्याच सुमारास मंडळीला कुणीतरी खोकाभर पुस्तके आणि पेनड्राइव्ह भेट दिले. नीलिमा कामाची फार व्यवस्थित. एका कानात ऑफिसची मीटिंग चालू ठेवून तिने सगळ्यांवर रंगीत चिकट्या लावल्या: हिरवी लहान मुलांना, निळी मोठ्या मुलांना, पिवळी मोठ्यांना. वेष्टनावर प्राण्यांची चित्रे दिसली की हिरवी.

शांतवनरावांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन नुकतेच झाले होते, त्यामुळे त्यांना काही पाहता येत नव्हते. ते खुर्चीतून म्हणाले, "एकदा नजरेखालून घाल गं."

"बाबा, सगळं ख्रिस्तीच आहे. यात काय चेक करायचं?" नीलिमा म्हणाली.

मित्रांनो, हीच बाई दुकानात बिस्किटांचा पुडा उलटा करून त्यात काय काय घातले आहे ते वाचते. मुलीच्या टॅबवर कुठले कार्टून चालते यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवते. पण वेष्टनावर क्रूस दिसला आणि तिची काळजी मिटली. श्रद्धाळू घरांत ही चूक फार सहज होते.

त्यांची मुलगी संहिता, दुसरीतली. एका शनिवारी असा पाऊस झाला की तलावाजवळच्या रस्त्यावर पाणी साचले आणि खाली गाड्या अडकून पडल्या. नीलिमाला घरून काम करावे लागले. तिने माझ्यातला हिरव्या चिकटीचा एक पेनड्राइव्ह काढला, टॅबला जोडला आणि संहिताला माझ्याशेजारी बसवले. त्यात बायबलमधल्या तारवाची, म्हणजे महापुरात देवाच्या माणसांना आणि प्राण्यांना वाचवणाऱ्या जहाजाची, गोष्ट होती. सुरुवातीला हत्ती आले, जिराफ आले, संहिता हसली. मग तिचे हसणे थांबले. मला चित्र दिसत नव्हते, पण आवाज ऐकू येत होता. माणसे दार ठोठावत होती, मुले रडत होती आणि फार वेळ कोणीच दार उघडत नव्हते. संहिताने टॅब पालथा ठेवला आणि खिडकीशी जाऊन खालचे पाणी बघत बसली.

या घरात संध्याकाळी सगळे मिळून प्रार्थना करतात आणि शेवटची प्रार्थना संहिताची असते. तिची प्रार्थना म्हणजे गप्पाच. शाळेत कोण पडले, डब्यात काय होते, सगळे ती देवाला सांगते. त्या संध्याकाळी ती गप्प बसली.

"बोल ना, पिल्लू," नीलिमा म्हणाली.

"मला देवाशी बोलायचं नाही."

सुरज म्हणाला, "राहू दे आजच्या दिवस." पण दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. का, ते ती सांगेना. रागावून झाले, लाडीगोडी झाली, चॉकलेट झाले. नीलिमाचा जीव कासावीस झाला. आपल्या लेकराचा देवावर विश्वास असावा, एवढेच त्या बाईने मागितले होते, आणि नेमके तेच हातातून निसटत होते. एका दुपारी ती माझ्या झाकणावर बसून रडली. मग डोळे पुसून तिने मुलांना प्रार्थना कशी शिकवावी यावरची पुस्तके मागवली. ती आली, त्यांवर चिकट्या लागल्या आणि तीही माझ्यात कोंबली गेली. मला सांगावेसे वाटत होते की बाई, औषध वाढवू नकोस, आधी दुखते कुठे ते बघ. पण ट्रंकेचे कोण ऐकतो?

मग आला तो गुरुवार. नीलिमा आतल्या खोलीत मीटिंगमध्ये होती, सुरज ऑफिसला गेला होता आणि शांतवनराव खुर्चीत डुलक्या घेत होते. संहिता शाळेतून आली आणि तिने मला भराभर रिकामे केले. माझ्या उभ्या आयुष्यात मला इतक्या घाईने कोणी रिकामे केले नव्हते. पुस्तके सोफ्यावर गेली, पेनड्राइव्ह फरशीवर घरंगळले. मग तिने माझ्यात एक उशी ठेवली, पाण्याची बाटली ठेवली, बिस्किटे ठेवली आणि मला ओढत दाराबाहेर नेले. फरशीवर माझा असा काही खरखराट झाला की शांतवनराव दचकून उठले. तिने शेजारची बेल वाजवली.

शेजारी भाग्यलक्ष्मी अक्का राहतात. निपाणीकडच्या, मराठीत अधूनमधून कानडी मिसळणाऱ्या, अंगाने भरभक्कम, मनाने त्याहून. संहितावर त्यांचा भारी जीव. घरात चित्रान्न, म्हणजे लिंबाचा फोडणीचा भात, झाले की पहिली वाटी संहिताची.

अक्कांनी दार उघडले. "का गं पोरी, ट्रंक घेऊन कुठं निघालीस?"

"अक्का, तू आत बस. लवकर बस."

"मी? ह्यात? अगं, माझा एक पाय तरी मावतोय का बघ स्वल्प!"

"बस ना!" संहिता रडायलाच लागली. "पाणी येणार आहे. आम्ही देवाचे ना, म्हणून आम्ही तारवात असणार. आणि तू बाहेर. त्या गोष्टीत शेजारचे सगळे दार वाजवतात आणि कुणी उघडतच नाही. मग ते बुडतात. त्यांची मुलं पण बुडतात. तू आत्ताच आत बसून राहा, म्हणजे तुला कुणी बाहेर काढणार नाही."

चौकटीला धरून अक्का माझ्यात एक पाय ठेवून उभ्या राहिल्या, मग दुसरा ठेवला आणि हळूहळू खाली बसल्या. माझी एक बिजागरी कडकन तुटली. तुटू दे म्हटले. शेकडो पुस्तके वाहिली मी, पण इतके मोलाचे ओझे माझ्यात कधी कुणी ठेवले नव्हते.

"बसले बघ," अक्का म्हणाल्या. "आता रडू नगं."

नीलिमा आमच्या मागे येऊन उभी होती. तिने सगळे ऐकले होते. तिने कानातले यंत्र काढले, फरशीवर बसली आणि विचारले, "कुठल्या गोष्टीत, पिल्लू? कुठे पाहिलंस हे?"

संहिताने घराकडे बोट दाखवले. फरशीवर पडलेले पेनड्राइव्ह उघड्या दारातून दिसत होते. नीलिमाने तो हिरव्या चिकटीचा शोधला आणि मीटिंग सोडून पहिल्यांदा सबंध पाहिला. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. ती मुलीला पोटाशी धरून म्हणाली, "मी हे न बघताच तुला दिलं. मी आधी बघायला हवं होतं, आणि तुझ्याजवळ बसायला हवं होतं. चुकलं माझं."

"पण देव अक्काला बाहेर ठेवणार ना?" संहिताने विचारले. मूल प्रश्न सोडत नाही, तुम्ही कितीही जवळ घ्या.

नीलिमाने सासऱ्यांकडे पाहिले. शांतवनराव भिंतीला धरत धरत दारापर्यंत आले होते. ते नातीजवळ वाकून म्हणाले, "त्या गोष्टीतलं सगळं मला अजूनही कळत नाही, बाळा. इतकी वर्षं वाचतोय तरी. पण मला एक सांग. अक्कासाठी जागा करावी, असं तुझ्या मनात आलं. ते कुणी घातलं तिथं?"

संहिताने विचार केला. "देवानं?"

"मग ज्यानं ते तुझ्या मनात घातलं, त्याचं मन तुझ्यापेक्षा लहान असेल होय?"

संहिताने बाहीने नाक पुसले आणि अक्कांच्या मांडीवर जाऊन बसली. माझी दुसरी बिजागरीही तेव्हाच गेली.

अक्कांना माझ्यातून बाहेर काढायला नीलिमा पुरली नाही. लिफ्टमधून येणाऱ्या सुरजचीही मदत लागली. तो एवढेच म्हणाला, "मी काही विचारत नाही. आधी अक्कांना उठवू."

त्यानंतर नीलिमाने माझ्यातल्या सगळ्या चिकट्या खरवडून काढल्या. आता ती रोज थोडे थोडे पाहते, वाचते, ऐकते, आणि काय कोणाला द्यायचे ते मग ठरवते. शांतवनराव शेजारी बसून ऐकतात. ते कार्टून वाईट म्हणून फेकले नाही. दोघांनी पाहून ते मोठ्या मुलांसाठी ठेवले, तेही आईबापांनी सोबत बसावे या अटीवर. सुरजने माझ्या बिजागऱ्या बसवून आणल्या. पुढच्या महिन्यात मी व्हाइटफील्डला एका घरी जाणार आहे.

मित्रांनो, माझे मागणे फार नाही. मला कोरड्यात ठेवा, गहू भरू नका. माझ्यातून घरासाठी काही निवडाल तेव्हा वेष्टनावर विसंबू नका. ते आधी तुम्ही स्वतः शेवटपर्यंत बघा, घरात कोण कोण आहे ते आठवा, आणि लेकराच्या हातात दिल्यावर उठून जाऊ नका. चांगली गोष्टसुद्धा एकट्या मुलाला फार मोठी पडू शकते.

त्या गुरुवारच्या संध्याकाळचे मात्र सांगायचे राहिले. प्रार्थनेच्या वेळी संहिताने अक्कांना हात धरून आणले. अक्का म्हणाल्या, "माझं देवघर तिकडं आहे, पण पोरीसाठी बसते." सगळ्यांच्या प्रार्थना झाल्या, आता संहिताचीच राहिली होती. नीलिमाने डोळे घट्ट मिटले होते.

मग संहिता म्हणाली, "देवा, मी तुझ्यावर रागावले होते. आता थोडीच रागावलेय. अक्काला जागा ठेव. आणि जरा जास्त ठेव, ती ट्रंकेत मावत नाही."

"आमेन," शांतवनराव म्हणाले, आणि त्यांच्या पाठोपाठ सगळ्यांत मोठ्याने अक्का म्हणाल्या, "आमेन."